आबांसाठी काठी, रीळ आणि तंगूस

कुठलीही वस्तू हातात आली की ती कुठं तुटेल, हे आमचे सर आधी बघायचे. चहाचा कप दिला तर कान धरून हलवून बघणार. नवी चप्पल घेतली तर दुकानातच तिचा अंगठा ओढून बघणार. तळेगावच्या एका कारखान्यात ते आमच्या टेस्टिंग विभागाचे प्रमुख होते, आणि दिवसभर तारा, पट्ट्या, नटबोल्ट मशीनमध्ये ओढून तोडणं हेच आमचं काम होतं. त्यामुळं पहिले सहा महिने मला वाटायचं, ही नोकरीची सवय असेल. मग लक्षात आलं की उलट आहे. माणूस मुळातच तसा होता, नोकरी नशिबानं त्याला साजेशी मिळाली होती.

सकाळी घराला कुलूप लावलं की ते मोबाइलवर कुलपाचा फोटो काढायचे. दहाच्या चहाला तो फोटो उघडून बघायचे आणि मगच चहा प्यायचे. कँटीनमध्ये पंख्याखाली कधी बसले नाहीत. कुणाच्या वाढदिवसाला मेणबत्ती विझवली तर वात दोन बोटांनी चिमटून खात्री करायचे. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलंच तर म्हणायचे, "एवढी जबाबदारी?" आणि त्यात विनोद नसायचा. मागून सगळे हसायचे. मीही हसायचो. आबांना अर्धांगवायूचा झटका येईपर्यंत हसायचो.

आबा म्हणजे माझे वडील. कार्ल्याला आमची थोडी भातखाचरं आहेत. आबांनी जन्मभर दोनच गोष्टी केल्या, भात लावला आणि इंद्रायणीत गळ टाकला. झटक्यानं त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय काठीच्या आधारानं हळूहळू थोडा परत आला, हात आला नाही. बोलणं आलं, पण जड, तोंडात काहीतरी ठेवून बोलल्यासारखं. व्यायामाला म्हणून रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी खाटेखाली टाकून दिला. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत राहायचे. जेवायला घ्या म्हटलं की "न्हाई". फिरायला चला, "न्हाई".

त्या दिवसांत माझा फोन वाजला की हातातलं काम तसंच टाकून मी आधी नाव बघायचो. घरून फोन म्हणजे आबा पडले, हे मी गृहीतच धरायचो. दोनदा ते खरंही निघालं. एकदा न्हाणीत, एकदा मागच्या दारी, आणि दुसऱ्या वेळी ते कुठं निघाले होते हे सांगायला तयार नव्हते. मी दुपारी तीनदा घरी फोन करायला लागलो. बायको वैतागून म्हणाली, "आता तेवढं कुलपाचे फोटो काढायला लागा." तिला सरांच्या गोष्टी मीच सांगितल्या होत्या.

मग एका संध्याकाळी आबा आपणहून बोलले.

"पान्यावर ने."

मागच्या दारानं ते कुठं निघाले होते, ते मला तेव्हा कळलं.

नदीकाठी त्यांना उभं राहता येणार नव्हतं. काठ निसरडा, पाय लुळा. बोटीत निदान बसता तरी येईल. पवनेच्या धरणात जाळी टाकणारी एक मावशी माझ्या ओळखीची होती. ती न्यायला तयार झाली. राहिली काठी. आबांनी जन्मभर बांबूची काठी नाहीतर नुसता हातात गुंडाळलेला दोर वापरलेला, आणि दोन्हीला दोन हात लागतात. मला यातलं काही कळत नव्हतं. सरांना मासेमारीतलं कळतं असंही नाही, पण ताण, दोरी आणि तुटणं म्हटलं की आमच्याकडं विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

"सर, बोटीतून तळाला गळ टाकायचाय. कुठली काठी घेऊ?" मी विचारलं.

त्यांनी हातातलं काम ठेवलं. "कोण टाकणार?"

मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. मग वही काढली.

"आबांचं वजन किती? हात कुठला गेलाय? खांदा उचलतात का? फिट येते का? पोहता यायचं का पूर्वी?" प्रश्न संपेनात. शेवटी म्हणाले, "रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत?"

"आहेत."

"मग विणलेली दोरी बाद," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं. "ती बारीक असते, जोरात ओढली गेली तर पात्यासारखी बोट कापते. तुझं बोट कापलं तर पट्टी लावशील. त्यांचं रक्त थांबायचं नाही, आणि तुम्ही पाण्याच्या मधोमध असाल. साधा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा, घ्यायचा. तो ताणतो, थोडं सोसतो. बाकी उद्या सांगतो."

उद्या म्हणता म्हणता दोन महिने गेले.

त्या दोन महिन्यांत मला अनेकदा वाटलं की यांना विचारलं हीच चूक झाली. दर सोमवारी नवीन शंका. तळ कसा आहे? मी मावशीला विचारून आलो. खाली जुनी खाचरं आणि झाडांची खोडं आहेत, गळ अडकतो. मग गळ तळाला नेणारं शिसं मुख्य तंगुसाला बांधायचं नाही, वीतभर कच्च्या दोरीला बांधायचं, म्हणजे अडकलं तर शिसं तेवढं जाईल, हे ठरायला एक आठवडा. काठी लांब की आखूड? लांब काठीचा भार मनगटावर येतो, शिवाय बोटीत ती कुणाच्या तरी डोळ्यात जाणार. आखूडच, साडेसहा फुटांची, बुडाला ताठ आणि शेंड्याला मऊ. मासा तळाला नुसता हुंगून गेला तरी शेंडा हलला पाहिजे, कारण काठी बोटीच्या कडेला रोवलेली असणार, आबांच्या बोटांना ते कळणार नाही, डोळ्यांनाच कळेल.

दुकान पुण्यात होतं. सर खिशात कापूस घेऊन आले होते. काठीवर दोरी जायला ज्या कड्या असतात, त्यातल्या एकेका कडीतून त्यांनी कापूस ओढला. तीन काठ्या नाकारल्या. चौथीतही एका कडीत कापसाचा तंतू अडकला. दुकानदार म्हणाला, "अहो काका, नवीकोरी आहे."

"नवी आहे, पण चरा आहे," सर म्हणाले. "हाच चरा दोरी रोज थोडी थोडी कापणार आणि आपण म्हणणार, मोठा मासा होता."

पाचवी काठी त्यांनी घेतली. रीळ घेताना दुकानदारानं ढोलासारखं, काठीच्या वर बसणारं रीळ पुढं केलं. बोटीतून तळाला टाकायला सगळे हेच नेतात म्हणाला. सरांनी ते हातात घेतलं नाही. आपला उजवा हात पाठीमागं नेला आणि डाव्या हातानं मूठ फिरवायचा प्रयत्न केला. मूठ पलीकडच्या बाजूला होती, शिवाय दोरी सारखी गुंडाळायला अंगठा लागत होता. "हे दोन हातवाल्याचं," ते म्हणाले, आणि काठीखाली लटकणारं, डावीकडं मूठ बसवता येणारं रीळ घेतलं.

तो हात मागं नेण्यातला सराईतपणा माझ्या लक्षात आला होता. परतीच्या लोकलमध्ये मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की गेला आठवडाभर ते घरी उजवा हात मफलरनं छातीशी बांधून राहतात. स्वयंपाक, आंघोळ, कपडे, सगळं डाव्या हातानं. "भाकरी तोडता येत नाही रे एका हातानं," ते म्हणाले. "तुम्ही त्यांना तोडून देता ना?"

आम्ही देत नव्हतो. आबा जेवायला "न्हाई" का म्हणतात, असा प्रश्न मला पडला होता, पण त्यांच्या ताटाकडं मी कधी नीट बघितलं नव्हतं.

तंगुसाची परीक्षा त्यांच्या गॅलरीत झाली. कंपनीचं मशीन स्वतःच्या कामाला वापरणार नाही म्हणाले. गॅलरीच्या आकड्याला तंगूस बांधला, खाली बादली, आणि मी मगानं पाणी ओततोय. तंगूस तुटला की बादली खालच्या गादीवर पडायची, पाणी सांडायचं, सर मग मोजून लिहायचे आणि पुन्हा बांधायचे. दर वेळी तंगूस गाठीपाशीच तुटत होता.

"खोक्यावर छापलंय ते वजन बिनगाठीचं," ते म्हणाले. "बिनगाठीची दोरी कोण वापरतं?"

गाठ थुंकीनं ओली करून हळू आवळली की ती जास्त टिकते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्याच दिवशी, पुसायचं फडकं पिळता पिळता, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. फार पूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी ते कामाला असताना, जड माल उचलायच्या यारीची साखळी त्यांच्याकडं तपासायला आली होती. त्यांनी ती कडी कडी तपासून सही केली. आठवड्यानं माल खाली कोसळला आणि एका हेल्परचा पाय गेला.

"साखळी तुटली?" मी विचारलं.

"साखळीला काही झालं नव्हतं. खालचा आकडा उघडला. आकडा माझ्याकडं तपासायला आलाच नव्हता. मला कुणी काही बोललं नाही. माझ्यावर बोलण्यासारखं नव्हतंच." त्यांनी फडकं दोरीवर टाकलं, त्याला दोन चिमटे लावले, मग तिसरा लावला. "पण साखळी हातात होती तेव्हा तिच्या टोकाला काय अडकवणार, एवढं तरी मी विचारायला हवं होतं."

त्यानंतर मी त्यांच्या शंकांना वैतागलो नाही. मात्र त्या शंका मलाही लागल्या. रात्री अंथरुणात पडल्यावर बोट उलटताना दिसायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही धरणावर गेलो. सर येणार हे ठरलं नव्हतं, पण सकाळी सातला ते काठावर आमच्या आधी उभे होते. पाण्यात तरंगवणारी तीन जाकिटं आणली होती, शिवाय एक मावशीसाठी. मावशी हसली. "मी हितंच जन्मले, सायेब. मला काय बुडवतंय हे पानी." सर म्हणाले, "तुम्ही घातल्याशिवाय मी बसणार नाही." तिनं घातलं. आबांना मी आणि मावशीनं उचलून मधल्या फळीवर बसवलं. काठी ठेवायला सरांनी बोटीच्या कडेला पाइपाचा तुकडा घट्ट बसवला. पुढची चकती फिरवून रिळाची ढिलाई वजनकाट्यानं मोजून ठेवली. तंगूस जेवढा ताण सोसतो त्याच्या चौथाईवर रीळ सुटून दोरी जाऊ द्यायची, म्हणजे कितीही ओढ बसली तरी आबा ओढले जाणार नाहीत. वेळ आली तर तंगूस कापायला सरांच्या मनगटाला सुतळीनं एक कात्री बांधलेली होती.

"एवड्याशा माशाला एवडं?" आबा म्हणाले. पण डाव्या हातानं काठीवरून हात फिरवत होते.

पाणी शांत होतं. गांडूळ लावून शिसं खाली सोडलं, तळाला टेकलं, दोरी सैल पडली. आबा शेंड्याकडं बघत बसले आणि मी आबांकडं. तासाभरात शेंडा दोनदा हलला, दोन्ही वेळा गांडूळ गेलं. एक शिसं खोडात अडकून तुटलं, ठरल्याप्रमाणे तेवढंच गेलं, आणि सरांनी नवीन बांधलं. दहाच्या पुढं वारा उठला. मावशी म्हणाली, "आता निगू या. वारा लय होनार."

"न्हाई," आबा म्हणाले.

तेवढ्यात शेंडा खाली पाण्यापर्यंत वाकला. रीळ किरकिरलं आणि दोरी भराभरा जायला लागली. ती जावी अशीच तर सरांनी सोय केली होती. पण आबांनी जन्मात कधी माशाला दोरी दिली नव्हती. कुणाला कळायच्या आत त्यांनी डाव्या हातानं रिळाची चकती करकचून आवळली, काठी पाइपातून उपसली आणि बुडखा लुळ्या हाताच्या काखेत दाबला.

बोट त्यांच्या बाजूला कलली. पाणी कडेला लागलं. मावशी झटकन दुसऱ्या बाजूला सरकली. मी मागून आबांच्या जाकिटाला धरलं आणि ओरडलो, "सर, कापा."

सरांची कात्री उघडी होती. तंगूस तिच्या पात्यांपासून दोन बोटांवर होता. आबांनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

"सायेब," ते म्हणाले, "थांबा."

एवढे स्वच्छ शब्द मी सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. आणि सर थांबले. मी पुन्हा ओरडलो. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. ते आबांच्या तोंडाकडं बघत होते आणि कात्री तशीच उघडी होती. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला तो फार मोठा वाटला. बोटीत पाणी यायला लागलं होतं.

मग तंगूस तुटला. आबा मागं माझ्या अंगावर कोसळले, माझं डोकं फळीवर आपटलं आणि बोट पलीकडं झुकून पुन्हा सरळ झाली. मला पहिल्यांदा वाटलं, त्यांना दुसरा झटका आला. अंग गदगद हलत होतं. मी त्यांचं तोंड वळवून बघितलं तर ते हसत होते.

"लय मोठा व्हता," आबा म्हणाले.

मावशी डब्यानं पाणी उपसायला लागली. काठावर आल्यावर आबांच्या माघारी तिनं मला हळूच सांगितलं, "मासा न्हाई, खोड व्हतं. वाऱ्यानं बोट सरकली म्हून दोरी गेली." मी सरांकडं बघितलं. ते त्यांना कधीच कळलेलं होतं. ते तंगुसाचं तुटकं टोक कागदात गुंडाळून खिशात ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक कागद होता. कारखान्यात सदोष मालासाठी जो तक्ता भरतात तो, सरांच्या अक्षरात. काय घडलं, कारण, दोष कुणाचा. कारणापुढं लिहिलं होतं, ‘बहुधा खोड’. दोषापुढं, ‘माझा. हातात कात्री असून कापलं नाही.’ खाली सही.

मी कागद घेऊन त्यांच्याकडं गेलो. "सर, आबा काल रात्री दोन भाकरी जेवले. सकाळी खाटेखालचा चेंडू मागितला. तुम्ही कापलं असतं तर..."

"तर काय?"

"चांगलंच झालं ना, सर."

"चांगलं झालं म्हणून बरोबर झालं, असं नसतं," ते म्हणाले. "बोटीत पाणी आलं होतं. तू होतास, त्या बाई होत्या. गाठ आणखी थोडी पक्की असती तर? मला त्यांचा चेहरा बघून कापवेना. माणसाचा चेहरा बघून तपासणी करत नाहीत." त्यांनी कागद परत घेऊन फायलीत लावला. "मी पुन्हा येणार नाही."

मला त्यांचा राग आला. त्या रात्री विचार करताना माझाही आला, कारण त्यांचं खरं होतं. आबांचं हसू मला एवढं हवं होतं की काय होऊ शकलं असतं ते मी बघायलाच तयार नव्हतो.

तीन आठवडे गेले. आबा रोज चेंडू दाबायचे. उजव्या हातात काही फरक पडला नाही, डॉक्टरांनीही फार आशा दाखवली नाही, पण ते दाबत राहिले. रोज संध्याकाळी मी घरात शिरलो की विचारायचे, "सायेब कवा येनार?"

"ते यायचे नाहीत, आबा. आपण दोघं जाऊ."

"न्हाई. तू नुसता वरडतो." थोडं थांबून म्हणाले, "त्यो मानूस घाबरतो, पर ऐकतो. त्येला म्हनावं, मी चकतीला हात न्हाई लावनार."

हे मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुपारी विचारलं, "हात लावणार नाहीत म्हणाले?" संध्याकाळी पुन्हा विचारलं, "नक्की म्हणाले?"

रविवारी ते काठावर होते. कात्री मावशीकडं दिली आणि तिला सांगितलं, "मी काही म्हणालो तरी, तुम्हाला वाटलं की कापायचं." आबांचा शब्द घेऊनही रिळाची चकती त्यांनी चिकटपट्टीचे चार वेढे देऊन पक्की केली होती. आबांनी त्या वेढ्यांवरून अंगठा फिरवला. बोटीत सर त्यांच्या पाठीमागं बसले आणि त्यांच्या जाकिटाच्या मागचा पट्टा मुठीत धरला.

मासा नवाच्या सुमारास लागला. या वेळी खोड नव्हतं, खोड असं झटके देत नाही. रीळ किरकिरलं, दोरी गेली, आबांनी जाऊ दिली. काठी पाइपातच राहिली. ते डाव्या हातानं मूठ फिरवत होते, थांबत होते, पुन्हा फिरवत होते, कपाळावरून घाम ओघळत होता. सरांचे ओठ हलत होते. ते काय पुटपुटत होते मला माहीत नाही. शेवटी पाण्यावर एक मिशीवाला शिंगटा आला, वीत-दीड वीत लांबीचा. मावशीनं जाळीनं उचलला.

"ह्येच्यासाटी दोन महिनं?" मावशी म्हणाली.

आबांनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. मागं मान वळवून सरांना म्हणाले, "बगा." सरांनी मान पुढं काढून बघितलं, गळ नीट ओठात लागलाय का तेही बघितलं.

काठाला लागल्यावर मी आबांना एका बाजूनं धरलं. चिखलाचा चढ होता, वर गाडी. आबांच्या डाव्या हातात टेकायची काठी, माझ्या हातात मासा. मागं सर, आणि पट्टा अजून त्यांच्या मुठीत. चढ संपला, सपाट रस्ता आला. मला वाटलं आता सोडतील. मी गाडीचं दार उघडलं. आबा क्षणभर तसेच उभे राहिले, पाण्याकडं पाठ करून. सर मागं उभे. पट्टा त्यांनी सोडला नाही, आणि आबांनीही सोडा म्हटलं नाही.